तबल्याची थाप मागे का पडते? लाइव्ह व्हिडिओ आणि थ्रेड्सची फेरमांडणी

मागच्या हिवाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका लहान सभागृहात गाण्याची बैठक होती. समोर शंभर-सव्वाशे माणसं, आणि घरी फोनवर, टीव्हीवर बघणारी त्याहून जास्त. त्यांच्यापर्यंत चित्र पोचवण्याचं काम आमच्याकडे होतं आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअरही आम्हीच लिहिलेलं होतं. विलंबित संपलं, द्रुत सुरू झालं, आणि साउंडवाले काका फोन हातात घेऊन माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "अहो, जरा तबलजींच्या हाताकडे बघा. हात समेवर पडतो आणि थाप नंतर ऐकू येते."

बघितलं तर खरंच तसं होतं. सुमारे पाव सेकंदाचा फरक. बैठक संपेपर्यंत तो अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेला. ज्याला गाण्यातलं कळतं त्याला असं चित्र बघवत नाही. डोळे मिटून ऐकलेलं बरं.

पुढचे तीन महिने आम्ही त्या सॉफ्टवेअरची आतली मांडणी बदलली. यंत्र तेच, कॅमेरा तोच, इंटरनेटही तेच. बदललं ते एवढंच, की आतल्या कामांपैकी कोणी कोणासाठी थांबायचं. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला थ्रेडिंगची फेरमांडणी म्हणतात. विषय अवघड समजला जातो, पण त्याचा गाभा कोणालाही समजेल असा आहे.

आधी चाळीस मिलिसेकंदांचा हिशोब मांडू. आपल्याकडे कॅमेरा साधारणपणे सेकंदाला २५ चित्रं देतो. एका चित्राला फ्रेम म्हणतात. म्हणजे दर ४० मिलिसेकंदांनी नवी फ्रेम दारात उभी. फुल एचडी फ्रेम कच्च्या स्वरूपात सुमारे ३.१ मेगाबाइटची असते, म्हणजे सेकंदाला जवळपास ७८ मेगाबाइट. एवढं ओझं इंटरनेटवरून जाणार नाही, म्हणून ते दाबून लहान करावं लागतं. हे दाबण्याचं काम एन्कोडर करतो. आमच्या जुन्या प्रोग्राममध्ये सगळी कामं एकाच चक्रात एकामागून एक होत: कॅमेऱ्याकडून फ्रेम घे (३ मिलिसेकंद), तिच्यावर कलाकाराच्या नावाची पट्टी चढव (६), एन्कोडरकडून दाबून घे (२२), सर्व्हरकडे पाठव (१). एकूण ३२. चाळिसातले आठ शिल्लक. कागदावर सगळं ठीक होतं.

घोटाळा त्या शेवटच्या एकात होता. इंटरनेटवर माहिती पाठवताना प्रोग्राम ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देतो. सिस्टिमजवळ एक ठरावीक आकाराचं साठवणपात्र असतं, ज्याला बफर म्हणतात. त्यात जागा आहे तोवर काम क्षणात होतं. पण नेट मंदावलं की बफर भरतो, आणि मग "पाठव" ही सूचना परतच येत नाही. जागा होईपर्यंत प्रोग्राम तिथेच उभा राहतो. त्या दिवशी मध्यंतरात सभागृहातल्या सगळ्यांनी फोन बाहेर काढले. आमचा डोंगलही त्याच मोबाइल टॉवरवर होता. पाठवणं कधी २०० मिलिसेकंद अडायचं, कधी ४००.

आता ४०० मिलिसेकंद म्हणजे दहा फ्रेम्स. कॅमेरा काही थांबत नाही. कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणाऱ्या कॅप्चर कार्डाच्या ड्रायव्हरपाशी चार फ्रेम्स मावत होत्या, त्या राहिल्या. उरलेल्या सहा गेल्या. म्हणजे नेट अडल्याची शिक्षा कॅमेऱ्याला झाली, वास्तविक त्या दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही.

तरी थाप मागे का पडली? फ्रेम्स गेल्या तर चित्र एक क्षण अडखळेल आणि पुन्हा जुळेल, असं वाटतं. पण आमचा प्रोग्राम प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का मारताना घड्याळ बघतच नव्हता, फ्रेम्स मोजत होता: शंभरावी फ्रेम म्हणजे चौथा सेकंद. सहा फ्रेम्स हरवल्यावर पुढच्या प्रत्येक फ्रेमवर २४० मिलिसेकंद आधीचा शिक्का पडू लागला. आवाजाचा बफर मोठा होता, त्यातलं काही हरवलं नाही. त्यामुळे चित्र पुढे सरकलं, आवाज जागच्या जागी राहिला, आणि बघणाऱ्याला थाप मागे पडल्यासारखी दिसली. दुसऱ्यांदा अडलं की आणखी भर.

माणसाचे कान आणि डोळे याबाबतीत किती चोखंदळ असतात, तेही सांगायला हवं. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला, की फरक जाणवू लागतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण त्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. सभागृहात १७ मीटर मागे बसलेल्याला थाप सुमारे ५० मिलिसेकंद उशिराच पोचते आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण २४० मिलिसेकंद म्हणजे या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

म्हणून पहिली दुरुस्ती थ्रेड्सची, म्हणजे कामं वेगळी चालवण्याची, नव्हतीच. प्रत्येक फ्रेम आणि आवाजाचा प्रत्येक तुकडा हाती येताच त्यावर एकाच घड्याळाची वेळ टाकायची, एवढं आधी केलं. हे पाऊल पहिलं असायलाच हवं. थ्रेड्स वेगळे केल्यावर कोण कोणाच्या पुढे-मागे धावेल याचा नेम नसतो. तेव्हा खरी वेळ वस्तूवरच लिहिलेली असेल तरच शेवटी सगळं जुळवता येतं.

आता थ्रेड म्हणजे काय ते पाहू. मी संध्याकाळी कोथरूडमधल्या एका पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या घेतो. काउंटरमागे चार बायका असतात. एक कणीक मळून उंडे करते, दुसरी लाटते, तिसरी तव्यावर भाजते, चौथी तूप लावून, मोजून बांधते. एकच बाई चारही कामं करत असती तर तूप संपल्यावर लाटणंही थांबलं असतं. इथे तसं होत नाही. प्रोग्राममधला थ्रेड म्हणजे यातली एक बाई: आपल्यापुरतं काम हाती घेऊन स्वतंत्रपणे चालणारी. प्रोसेसरमध्ये जितके कोर, म्हणजे स्वतंत्र गणनाकेंद्रं, साधारण तितके थ्रेड खरोखर एकाच वेळी चालू शकतात. जास्त असले तर ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना आळीपाळीने कोर देते.

एक गैरसमज मला फार ठिकाणी दिसतो, तो इथेच दूर करतो. चार बाया लावल्या म्हणून एक पोळी लवकर होत नाही. मळण्यापासून बांधण्यापर्यंत तिला तेवढाच वेळ लागतो, उलट हातोहात जाताना किंचित जास्तच. फरक असा पडतो की प्रत्येक टप्प्याला स्वतःचे पूर्ण ४० मिलिसेकंद मिळतात. पूर्वी एन्कोडरला २२ लागत होते. एखाद्या गडबडीच्या दृश्यात ३२ लागले की एकूण बेरीज ४२ व्हायची आणि गाडी चुकायची. आता त्याला ३५ लागले तरी बाकीच्यांचं काही बिघडत नाही.

पण त्या केंद्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट बायका नव्हेत, लाटणारी आणि भाजणारी यांच्यामधली परात आहे. तिच्यात तीन लाटलेल्या पोळ्या झाल्या की तव्यापाशी उभी असलेली मावशी मान वर न करता म्हणते, "थांब गं." चौथी लाटली जात नाही. जास्त झाल्या की एकमेकींना चिकटतात, वाळतात, आणि मग तव्यावर फुगत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये दोन थ्रेड्सच्या मधल्या या परातीला क्यू म्हणतात, म्हणजे रांग. थ्रेडिंगची सारी मांडणी खरं तर या रांगांची मांडणी असते: रांग किती लांब ठेवायची आणि ती भरली की काय करायचं.

आमचा पहिला प्रयत्न इथेच फसला. चारही कामांना वेगळे थ्रेड दिले आणि मधल्या रांगांना मर्यादाच ठेवली नाही. चाचणीत एन्कोडर मुद्दाम मंद केला तर कच्च्या फ्रेम्स साचत गेल्या. तो पूर्ण अडला तर एका मिनिटात साडेचार गिगाबाइटच्या वर मेमरी खाल्ली जाते. दुसऱ्या चाचणीत नेट मंद केलं, तेव्हा मेमरीचा प्रश्न आला नाही, कारण दाबलेला व्हिडिओ सेकंदाला अर्धा मेगाबाइटच होता. पण पाठवायच्या रांगेत तीस सेकंदांचा माल साचला, आणि तेवढ्याने प्रक्षेपण कायमचं मागे पडलं. काहीच हरवलं नव्हतं, सगळं शिळं झालं होतं.

मर्यादा घातल्यावर पुढचा प्रश्न: रांग भरली तर? पोळी-भाजी केंद्रात उत्तर सोपं आहे, मागच्याला थांबवा. हातातल्या फाइलचं रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हेच चालतं. फाइल कुठे पळून जात नाही. पण गाणाऱ्याला "थांबा" म्हणता येत नाही. कॅमेरा फ्रेम देतच राहणार. म्हणजे लाइव्ह प्रक्षेपणात कुठेतरी काहीतरी टाकून द्यावंच लागणार, आणि काय टाकायचं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी ठरवलं नाही तर ते नशिबावर ठरतं. त्या बैठकीत ते नशिबावर ठरलं होतं.

टाकण्याच्या दोन जागा आहेत आणि दोन्हींचे नियम निराळे. एन्कोडरच्या आधीची कच्ची फ्रेम स्वयंपूर्ण असते. ती एक टाकली तर चित्र ४० मिलिसेकंद थिजेल, बस. म्हणून ही रांग आम्ही तीन फ्रेम्सची ठेवली आणि भरली की सगळ्यात जुनी फ्रेम काढून टाकायची असं ठरवलं. एन्कोडरनंतर मात्र जपून. दाबलेल्या बहुतेक फ्रेम्समध्ये फक्त "आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं" एवढंच लिहिलेलं असतं. मधली एक काढली तर तिच्या आधाराने उभ्या असलेल्या पुढच्या सगळ्या ढासळतात आणि पडद्यावर करड्या-हिरव्या चौकटी दिसू लागतात. पूर्ण चित्र असलेली की-फ्रेम आमच्याकडे दर दोन सेकंदांनी, म्हणजे पन्नासातून एकदा येते. त्यामुळे पाठवायच्या रांगेत आधी अशा फ्रेम्स टाकायच्या ज्यांच्यावर दुसरं कोणी अवलंबून नाही. त्याने भागलं नाही तर पुढच्या की-फ्रेमपर्यंतचं सगळं टाकायचं. आवाज शक्यतो टाकायचाच नाही. चित्र थिजलं तरी गाणं ऐकू येत असलं तर माणूस बसून राहतो. हा निर्णय तांत्रिक कमी आणि मनाचा जास्त आहे, पण मी त्यावर ठाम आहे.

हे प्रश्न आम्हालाच पडले असं नाही. एफएफएमपेग हे व्हिडिओच्या जगातलं सगळ्यात पायाभूत मुक्त सॉफ्टवेअर. फाब्रिस बेलार याने ते २००० साली सुरू केलं. त्यातले अनेक एन्कोडर आणि डिकोडर, म्हणजे दाबलेलं उलगडणारे भाग, आतून अनेक थ्रेड वापरत, पण त्यांना चालवणाऱ्या मुख्य कमांडचं चक्र बरीच वर्षं एकेक पाऊल टाकणारं होतं: फाइलमधून तुकडा वाच, उलगड, फिल्टर लाव, दाब, लिही. जुलै २०२२ मधल्या ५.१ आवृत्तीत आधी फक्त शेवटचं लिहिण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर गेलं. सगळे टप्पे आपापल्या थ्रेडवर गेले ते एप्रिल २०२४ च्या ७.० आवृत्तीत. मध्ये जवळपास दोन वर्षं गेली, आणि एवढ्या जुन्या, एवढ्या वापरात असलेल्या कोडला तेवढी लागणारच. कोणी पुढे धावू नये म्हणून कोणाला कधी रोखायचं, हे बघणारा एक स्वतंत्र भागच त्यांना लिहावा लागला. त्या आवृत्तीला डाइक्स्ट्रा असं नाव दिलं आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सेमाफोर, म्हणजे एका वेळी किती जणांना आत सोडायचं हे ठरवणारी खूण, मांडली होती.

तुम्ही गणपतीची आरती किंवा क्लासचं लेक्चर ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून दाखवत असाल, तर ही विभागणी तुमच्याही डोळ्यांसमोर आहे. त्याच्या आकडेवारीच्या खिडकीत गळालेल्या फ्रेम्सचे तीन वेगळे आकडे दिसतात. पहिला चित्र रचताना चुकलेल्यांचा, दुसरा एन्कोडरला उशीर झाल्याने सोडलेल्यांचा, तिसरा नेटवर्कमुळे टाकलेल्यांचा. तीन आकडे वेगळे सांगता येतात, कारण ती तीन कामं वेगवेगळ्या थ्रेड्सवर चालतात. पहिला वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे, दृश्यं हलकी करा. दुसरा वाढत असेल तर एन्कोडरची सेटिंग हलकी करा किंवा ग्राफिक्स कार्डातला एन्कोडर निवडा. तिसरा वाढत असेल तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायची माहिती, उतरवा आणि वायफायऐवजी केबल लावा. पुष्कळ जण तिसरा आकडा वाढला की नवा लॅपटॉप घ्यायला निघतात, त्याने काहीही होत नाही.

आता थ्रेड्सच्या खऱ्या धोक्याकडे येतो. एका प्रोग्राममधल्या सगळ्या थ्रेड्सची मेमरी एकच असते. चार बायका, पण कपाट एक. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी ऑपरेटरने पट्टीवरचं गायकाचं नाव बदलून तबलजींचं टाइप केलं, आणि एका फ्रेमपुरतं पडद्यावर अर्धं गायकाचं, अर्धं तबलजींचं नाव, आणि मधोमध एक रिकामी चौकट दिसली. एक थ्रेड नाव लिहीत असतानाच दुसऱ्याने ते वाचायला घेतलं होतं. संगणकात अक्षरं साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं, आणि वाचणारा नेमका एका चिन्हाच्या पोटात शिरला होता. रोमन अक्षर एका बाइटचं असतं, त्यामुळे इंग्रजी नावाने तपासत होतो तोवर ती चौकट कधी दिसलीच नव्हती. म्हणून सांगतो, मराठीत वापरायचं सॉफ्टवेअर मराठीतच तपासा.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे लॉक: एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने दाराशी थांबायचं. आम्ही तो लावला आणि नवंच दुखणं सुरू झालं. नाव बदलणारा थ्रेड लॉक घेऊन अक्षरं रेखाटत बसायचा, त्याला बारा मिलिसेकंद लागायचे, आणि तेवढा वेळ चित्राचा थ्रेड ताटकळायचा. म्हणजे ज्या खोळंब्यातून सुटायला थ्रेड्स वेगळे केले, तोच मागच्या दाराने आत आला. शेवटी असं केलं: नवी पट्टी बाजूला पूर्ण तयार करायची, आणि ती झाल्यावर फक्त "आता ही वापर" एवढं सांगणारा मेमरीतला पत्ता एका झटक्यात बदलायचा. फ्रेम्सचंही तसंच. ३.१ मेगाबाइटची फ्रेम रांगेतून नेत नाही, तिचा पत्ता नेतो. आणि ज्याने ती पुढे दिली त्याने तिला पुन्हा हात लावायचा नाही.

या शेवटच्या नियमाशी पुण्याचं नातं जुनं आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये इथे परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या बऱ्याच लहान प्रोसेसरांचा मिळून बनलेला होता. त्यांचं सामाईक कपाट नव्हतं. प्रत्येकाची मेमरी आपापली, आणि देवाणघेवाण निरोप पाठवून. आमच्या लॅपटॉपमध्ये मेमरी सामाईक आहे, तरी आम्ही ती सामाईक नाही असं मानून कोड लिहितो. अनुभव असा की त्याने निम्म्या चुका जन्मालाच येत नाहीत.

उरलेल्या शोधायला चिकाटी लागते, कारण थ्रेड्सच्या चुका दर वेळी दिसत नाहीत. तपासायला म्हणून एखादी ओळ छापायला सांगितली की वेळेचं गणित बदलतं आणि चूक दडून बसते. आम्ही थ्रेडसॅनिटायझर हे साधन वापरलं, जे दोन थ्रेड्स एकमेकांशी समन्वय न ठेवता मेमरीत एकाच जागी हात घालतायत का यावर नजर ठेवतं, आणि नेट मुद्दाम अडवून, डोंगल उपसून तासन्‌तास प्रोग्राम चालवला.

एन्कोडरच्या आतही थ्रेड्स असतात, त्याबद्दल थोडक्यात. एक्स२६४ हा एन्कोडर एरवी निरनिराळ्या फ्रेम्स निरनिराळ्या थ्रेड्सना देतो. त्यात दाबणं उत्तम होतं, पण आठ थ्रेड असतील तर साधारण सात फ्रेम्स आतच फिरत राहतात: २८० मिलिसेकंद उशीर. एकाच फ्रेमचे आडवे तुकडे करून वाटले तर हा उशीर टळतो, दर्जा थोडा घटतो. बैठकीसाठी आम्ही पहिली पद्धत ठेवली, कारण घरी बघणाऱ्याला पाव सेकंदाने काही फरक पडत नाही. प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाला, जिथे बघणारा उलट बोलणार असतो, दुसरी.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते मात्र प्रोग्राम बंद करण्यात. "थांबवा" बटण दाबल्यावर मुख्य थ्रेड एन्कोडर संपण्याची वाट बघत होता. एन्कोडर पुढच्या रांगेत जागा होण्याची वाट बघत होता. आणि रांग रिकामी करणारा पाठवणारा थ्रेड आधीच निघून गेला होता. खिडकी गोठली. याला डेडलॉक म्हणतात. प्रोग्राम जबरदस्तीने मारला तर एन्कोडरच्या पोटातल्या फ्रेम्स जातात, रेकॉर्डिंगची फाइलही अर्धवट राहते, आणि गाण्याच्या बैठकीत शेवटचे सेकंद भैरवीचे असतात.

आता बटण दाबलं की फक्त कॅमेऱ्याचा थ्रेड थांबतो आणि रांगेत "माल संपला" अशी एक चिठ्ठी टाकतो. पट्टीचा थ्रेड आधीचं सगळं उरकून ती चिठ्ठी पुढे देतो. एन्कोडर पोटातल्या फ्रेम्स बाहेर काढतो, मग चिठ्ठी पुढे. पाठवणारा सगळ्यात शेवटी जातो. नेट मेलेलं असेल तर तो पाच सेकंद वाट बघतो आणि रांग मोकळी करून निघतो, पण डिस्कवरचं रेकॉर्डिंग त्याच्यासाठी अडत नाही. रेकॉर्डिंगची रांग वेगळी आहे. गेल्या महिन्यात त्याच सभागृहात पुन्हा बैठक झाली. मध्यंतरात फोन पुन्हा बाहेर निघाले, नेटवर्कमुळे टाकलेल्या फ्रेम्सचा आकडा १८२ वर गेला, कॅमेऱ्याचा शून्यावर राहिला. साउंडवाले काका द्रुतभर तबलजींच्या हाताकडे बघत होते. शेवटी भैरवी झाली, मी बटण दाबलं, आणि खिडकी बंद व्हायला सव्वा सेकंद लागला.